भीतीची वही वेगळी, जोखमीची वेगळी

पत्र : माझं वय ३७. १४ वर्षं एकाच कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. गेल्या तीन वर्षांत दोनदा विभागप्रमुखपदासाठी विचारणा झाली आणि दोन्ही वेळा घरची कारणं सांगून मी नाही म्हटलं. खरं कारण एवढंच, की त्या पदावर दर महिन्याला तीस-चाळीस लोकांसमोर उभं राहून आकडे मांडावे लागतात. माझा तर चार माणसांच्या बैठकीतही आवाज कापतो, हात गार पडतात. दुसरीकडे, छोट्या उद्योगांचे हिशेब सांभाळण्याचं स्वतःचं काम सुरू करावं हे दहा वर्षं डोक्यात आहे. तेही होत नाही. घरचे म्हणतात, आहे त्यात काय वाईट आहे? मैत्रिणी म्हणतात, राजीनामा दे आणि मार उडी, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. सहा आठवड्यांनी तिसऱ्यांदा विचारणा होणार आहे. मला एवढंच सांगा, धाडस आणायचं कुठून? (नाव छापू नये.)

उत्तर :

तुमच्या एका पत्रात दोन पत्रं आहेत, आणि आजवर मिळालेले सगळे सल्ले ती एकच समजून दिलेले दिसतात. चाळीस जणांसमोर बोलणं ही भीतीची बाब आहे. नोकरी सोडून स्वतःचं काम उभं करणं ही जोखमीची बाब आहे. पहिलीत धडधड मोठी, पण बुडण्यासारखं जवळपास काहीच नाही. दुसरीत धडधड कदाचित कमी होईल, पण पैसे खरोखर बुडू शकतात. भीती हिशेब मांडून कमी होत नाही, आणि छाती पुढे काढली म्हणून जोखीम घटत नाही. बहुतेक माणसं याच्या बरोबर उलट करतात. बोलण्याच्या भीतीवर महिनोन्‌महिने विचार आणि तयारी करत बसतात, आणि व्यवसायाचा आकडाही न मांडता 'एक दिवस हिंमत येईल' म्हणून वाट पाहतात.

म्हणून आधी दोन वह्या करा. कोणती गोष्ट कुठल्या वहीत जाते हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो : सगळं वाईटात वाईट झालं, तर महिन्याभराने माझ्या आयुष्यात नेमकं काय बदललेलं असेल? बैठकीत अडखळलात, तर महिन्याने काय बदललेलं असेल? पगार तोच, खुर्ची तीच, ज्यांनी ऐकलं त्यांतल्या बहुतेकांना आठवणारही नाही. ही गोष्ट भीतीच्या वहीत. नोकरी सोडली आणि गिऱ्हाईक मिळालं नाही, तर महिन्याने उत्पन्न थांबलेलं असेल. ही जोखमीच्या वहीत. मैत्रिणींची म्हण खोटी नाही, पण पाणी किती खोल आहे हे त्या म्हणीत कुठे सांगितलेलं नसतं.

आधी भीतीची वही, कारण ती सोपी आहे आणि पुढे तीच व्यवसायालाही उपयोगी पडणार आहे. गिऱ्हाइकाशी बोलावंच लागतं.

१४ वर्षांत ही भीती आपोआप का गेली नाही, हे समजलं की अर्धं काम झालं. बैठक रद्द झाल्याचा निरोप आला की कसं वाटतं आठवा. सुंठीवाचून खोकला गेला! ती जी सुटका वाटते ना, तेच भीतीचं खतपाणी. टाळलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, आणि मेंदू नोंद करतो की टाळल्यामुळे वाचलो. बोलले असते तर काय झालं असतं, हे पाहायची संधी मात्र त्याला कधी मिळतच नाही. दोनदा पद नाकारल्यावर तुम्हाला काही तास फार हलकं वाटलं असणार. त्या हलकेपणाची किंमत म्हणून भीती दर वेळी थोडी जास्त पक्की झाली.

हात गार पडणं, आवाज कापणं यांचा अर्थही चुकीचा लावला जातो. धोक्याची सूचना मिळाली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार. घशाचे स्नायू ताठ होतात, श्वास वरवरचा होतो, म्हणून आवाज कापतो. यात 'तुला जमणार नाही' असा निरोप कुठेही नाही. शरीर फक्त तयार होत असतं, आणि ही तयारी उत्साहातही जवळपास अशीच असते. ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलण्याआधी 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' असं म्हणणाऱ्यांचं बोलणं सरस ठरलं. धडधडतं हृदय बळजबरीने शांत करण्यापेक्षा त्या धडधडीला दुसरं नाव देणं सोपं जातं.

उपाय जुना आहे. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची भीती घालवली ती ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणून. तो आवडीचं खात असताना, आणि त्याला सोसेल इतकाच जवळ. पुढे १९५०च्या दशकात जोसेफ वोल्पी या मानसोपचारतज्ज्ञांनी याचं पद्धतशीर तंत्र केलं. भीतीला ० ते १०० गुण द्यायची रीतही त्यांचीच. कमी भीतीपासून जास्त भीतीकडे चढत जाणारी तशीच एक शिडी तुम्हाला बांधायची आहे.

एका पानावर बोलण्याचे आठ प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला गुण द्या. ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट. गुण तुमचे तुम्हीच ठरवायचे. पण तुमच्या पत्रावरून शिडी साधारण अशी दिसेल. नेहमीच्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारणं : ३५. दुसऱ्या कुणाच्या मुद्द्याला धरून, आधी न ठरवता, दोन वाक्यं बोलणं : ४०. तीन सहकाऱ्यांना उभं राहून पाच मिनिटं महिन्याचे आकडे समजावणं : ५०. तेच, पण हातात पूर्ण मजकुराऐवजी तीन मथळ्यांची चिठ्ठी : ५५. बोलता बोलता मुद्दाम पाच सेकंद थांबणं : ६०. प्रश्न आल्यावर सगळ्यांसमोर 'हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, दुपारपर्यंत पाठवते' असं म्हणणं : ६५. संपूर्ण विभागासमोर पंधरा मिनिटं : ७५. मोठ्या मासिक बैठकीतला दहा मिनिटांचा एक भाग : ९०.

मधल्या दोन पायऱ्या विचित्र वाटतील. मुद्दाम थांबायचं? मुद्दाम 'माहीत नाही' म्हणायचं? हो. तुमची भीती नुसत्या बोलण्याची नाही, बोलताना अडकण्याची आहे. जोवर अडकलेला क्षण स्वतः घडवून पाहत नाही, तोवर चांगलं पार पडलेलं प्रत्येक भाषण मेंदू 'या वेळी नशिबाने वाचलो' या खात्यात टाकतो. या शिडीतल्या सर्वांत गुणकारी पायऱ्या याच, आणि लोक नेमक्या याच गाळतात.

सुरुवात ३५-४०च्या पायरीपासून. २०च्या पायरीवर वेळ घालवू नका, तिथे शिकण्यासारखं काही नसतं. ८०वरून सुरू केलंत आणि अर्ध्यात बाहेर पडलात, तर भीती होती त्याहून वाढते, कारण भीती शिखरावर असताना काढलेला पळ हा सर्वांत पक्का बसणारा धडा असतो. पहिल्या सहा पायऱ्या प्रत्येकी किमान तीन वेळा म्हणजे १८ प्रयत्न. आठवड्याला चार केलेत तर साडेचार आठवडे. तुमच्याकडे सहा आहेत, म्हणजे आजारपण, सुट्टी, वाया गेलेला आठवडा धरूनही पुरतात. पंधरा दिवसांतून एकदा जोर लावण्यापेक्षा आठवड्यातून चार छोटे प्रयत्न कितीतरी पटींनी बरे.

तीनही वेळा एकाच खोलीत, त्याच तिघांसमोर करू नका. 'इथे धोका नाही' हे नवं शिक्षण जागेला आणि माणसांना चिकटून बसतं. जुनी भीती मात्र कुठेही सोबत येते. ओळखीच्या खोलीत सहज बोलणारी माणसं नव्या सभागृहात पुन्हा थरथरतात ती यामुळेच. खोली बदला, माणसं बदला, सकाळ-संध्याकाळ बदला.

प्रत्येक प्रयत्नाआधी वहीत एक वाक्य लिहायचं : मला काय होईल असं वाटतं? हे वाक्य तपासता येईल असं हवं. 'वाईट जाईल' हे तपासता येत नाही. 'माझा आवाज कापेल आणि किमान दोघं एकमेकांकडे बघून हसतील, शक्यता ७० टक्के' हे तपासता येतं. झाल्यावर दहा मिनिटांच्या आत शेजारी लिहा : प्रत्यक्षात काय झालं? आवाज कापला? कदाचित हो. दोघं हसले? मोजा. ही दोन रकान्यांची नोंद कंटाळवाणी वाटते, पण खरं काम तीच करते. भीती किती उतरली याकडे फार लक्ष देऊ नका. अलीकडचे अभ्यासक, विशेषतः मिशेल क्रॅस्के, यावर भर देतात की अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत जितकी ठळक, तितकं शिक्षण पक्कं. एखाद्या दिवशी भीती शेवटपर्यंत ६०वर राहिली आणि तरी कुणी हसलं नाही, तर तो प्रयत्न यशस्वीच.

लोक आपल्याकडे किती बारकाईने बघतात याबद्दलचा आपला अंदाज तसाही फुगलेला असतो. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांनी तो पाहिला असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाहिला होता जेमतेम पाव लोकांनी.

आता बिघडतं कुठे ते. सगळ्यात जास्त बिघडतं ते कुबड्यांमुळे. मजकूर शब्दशः वाचणं, पेन घट्ट धरून ठेवणं, भराभरा बोलून संपवणं, ऑनलाइन बैठकीत कॅमेरा बंद ठेवणं, सांभाळून घेणाऱ्या सहकारिणीला शेजारी बसवणं. यातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी मदत करते आणि नंतर सगळं श्रेय स्वतः घेऊन जाते : 'पेन होतं म्हणून निभावलं.' तुमच्या कुबड्यांची यादी करा आणि दर आठवड्याला एक टाका. सगळ्या एकदम टाकू नका. दीर्घ श्वासाचंही तसंच. भीतीत घाईघाईने श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्करल्यासारखं, बोटांत मुंग्या आल्यासारखं होतं. अशा वेळी श्वास सावकाश सोडणं उपयोगी आहे. पण 'धडधड थांबल्याशिवाय मी उठणार नाही' असं झालं, की श्वासाचीही कुबडीच झाली.

दुसरा बिघाड रात्रीचा. अंथरुणावर पडून प्रत्येक वाक्य पुन्हा तपासत बसण्याने दिवसाची कमाई घालवली जाते. वहीत नोंद झाली की प्रकरण बंद. आणि कुणी 'एक गोळी घे, हात कापणार नाहीत' म्हणून स्वतःची गोळी पुढे केली तर घेऊ नका. हृदयाचे ठोके मंदावणारी ही औषधं दमा असणाऱ्यांना धोकादायक ठरू शकतात. ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असतात.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. भीतीमुळे झोप उडाली असेल, अचानक श्वास कोंडून जीव जातोय असं वाटणारे झटके येत असतील, टाळणं बैठकीपुरतं न राहता फोन घेणं, बाहेर पडणं इथवर पसरलं असेल, किंवा या भीतीमागे एखादा आघाताचा प्रसंग असेल, तर शिडी एकट्याने चढू नका. हीच पद्धत प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञासोबत केली जाते आणि ती साधारण १२ ते १६ भेटींची असते. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण पत्रात सगळं येतंच असं नाही.

आता जोखमीची वही. इथे भीतीला हाकलायचं नाही, तिला कामाला लावायचं. दहा वर्षं ती काहीतरी सांगते आहे, पण मोघम. तिच्याकडून आकडे काढून घ्या, आणि तुम्ही तर हिशेब विभागातल्या!

पहिला आकडा : जास्तीत जास्त किती बुडू द्यायचं. सुरू करण्याआधी ठरवलेला हाच एक आकडा तुम्हाला वाचवतो. घरचा महिन्याचा खर्च काढा, त्याची सहा ते बारा महिन्यांची रक्कम वेगळी ठेवा आणि तिला व्यवसायाची मानू नका. तिच्याबाहेर जे उरेल तेवढंच पणाला. काही जोखमी मात्र फायदा कितीही मोठा दिसला तरी घ्यायच्याच नाहीत : राहतं घर गहाण, नातेवाइकाच्या सहीवर कर्ज, आजारपणासाठी ठेवलेले पैसे. ज्यात एकदा बुडलं की पुन्हा डाव मांडायला काही उरत नाही, तिथे शक्यतेचा हिशेब करण्यात अर्थ नसतो.

दुसरा प्रश्न परतीच्या वाटेचा. राजीनामा परत घेता येत नाही, पण त्याआधीच्या बऱ्याच गोष्टी परत घेता येतात. आठवड्याला सहा ते आठ तास, असे बारा आठवडे, नोकरी सांभाळून काम करून पाहा. त्याआधी नियुक्तिपत्र काढून बाहेरचं काम करण्याबद्दलचं कलम वाचा. परवानगी लागत असेल तर लेखी घ्या, आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांना किंवा माहितीला हात लावू नका. बारा आठवड्यांत तीन पैसे देणारी गिऱ्हाइकं मिळवायची, आणि त्यांतली निदान दोन ओळखीबाहेरची हवीत. ओळखीचे लोक कौतुक करतात, बिलाच्या वेळी गप्प होतात. 'कल्पना छान आहे' हे मत झालं. भरलेलं बिल हा पुरावा.

तिसरं काम दहा मिनिटांचं. निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक गॅरी क्लाइन यांनी रूढ केलेली ही रीत : आजपासून एक वर्ष झालंय आणि व्यवसाय बंद पडलाय, असं पक्कं धरा. 'बंद पडला तर' असं नाही, पडलाच आहे. का पडला ते लिहा. मन 'काय चुकेल?' या प्रश्नाला उडवाउडवी करतं, पण 'काय चुकलं?' म्हटलं की भराभर सांगतं. बिलं थकली. वर्षअखेरीला सगळ्यांचं काम एकदम आलं आणि एक विवरणपत्र राहिलं. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अर्धं उत्पन्न होतं, ते गेलं. प्रत्येक कारणासमोर दोन गोष्टी लिहा : हे टाळायला आधी काय करता येईल, आणि हे घडतंय याची पहिली खूण कोणती. थकलेल्या बिलांसाठी एक महिन्याची आगाऊ रक्कम घेता येते; पहिली खूण म्हणजे दुसरं बिल पंधरा दिवस लांबणं. भीती मोघम असेतो डोंगराएवढी दिसते. कारणं लिहिली की त्यांतली निम्मी आजच सोडवता येण्याजोगी निघतात आणि एखादं-दुसरं खरोखर गंभीर निघतं. ते सापडणं हाच या दहा मिनिटांचा फायदा.

थांबायचा नियमही आत्ताच लिहा. उदाहरणार्थ : बारा आठवड्यांत तीन गिऱ्हाइकं झाली नाहीत तर राजीनामा नाही, फक्त सेवा किंवा दर बदलून आणखी एकदा बारा आठवडे. राजीनाम्यानंतर पणाला लावलेली रक्कम निम्म्यावर आली तर नव्या नोकरीचा शोध सुरू. हा कागद सही करून घरच्या एका माणसाकडे द्या. 'आहे त्यात काय वाईट आहे' म्हणणाऱ्यांना मत विचारण्यापेक्षा हे काम द्या. त्यांची खरी धास्ती तुम्ही कुठे थांबणार हे माहीत नसण्याची असते, आणि कागदावर ते लिहिलेलं असतं.

एक रकाना राहतो, तो जवळजवळ सगळेच विसरतात : काहीच केलं नाही तर? एक वर्षाने काय, पाच वर्षांनी काय? तोटा आपल्याला तेवढ्याच नफ्यापेक्षा सुमारे दुप्पट जड वाटतो, असं डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून दिसलं. त्यामुळे तुमच्या तराजूत 'नाही'चं पारडं मुळातच खाली झुकलेलं आहे, हे धरून चाला. शिवाय न केलेल्या गोष्टीचा तोटा कुठल्याच पासबुकात दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी पद घेतलं असतं तर आज पगारात किती फरक असता, हा आकडा तुम्ही पाच मिनिटांत काढू शकता. काढाच.

दोन्ही वह्या एकाच महिन्यात पळवू नका. हे सहा आठवडे फक्त शिडी. व्यवसायाचे बारा आठवडे नंतर. पद घेतल्याने व्यवसायाची वाट बंद होत नाही. चाळीस जणांसमोर आकडे मांडायची सवय आणि वाढलेला पगार, दोन्ही तिकडेच कामी येतील.

विचारणा होईल त्या दिवशी शिडीची ९०ची पायरी बहुधा राहिलेली असेल. तरी चालेल. भीती उतरल्यावर हो म्हणू, असं ठरवलं तर चौथी विचारणाही निघून जाईल. तीन महिन्यांची मुदत मागा, आणि हे असंच म्हणा : 'मी जबाबदारी घेते. पहिल्या दोन मासिक बैठकांत मी दहा मिनिटांचा भाग मांडते, उरलेलं सध्याचे प्रमुख मांडतील. तिसऱ्या बैठकीपासून पूर्ण माझं. तीन महिन्यांनी बसून बघू.' कामाच्या माणसाला वरिष्ठ एवढी सवलत सहसा देतात. नाही म्हणालेच, तरी दहाऐवजी तीस मिनिटं बोलावं लागेल, इतकाच फरक.

या आठवड्यातली पहिली बैठक कधी आहे ते बघा. तिच्या आदल्या रात्री विचारायचा एक प्रश्न लिहून ठेवा, त्याखाली काय होईल असं वाटतं ते टक्क्यांसह लिहा, आणि शेजारचा रकाना कोरा सोडा.